मेळघाटात वाघ सोडून माश्या बघायला गेलो त्याची गोष्ट

मेळघाटला चाललोय म्हटल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न, वाघ दिसेल का. वाघ नाही, मधमाश्या बघायला चाललोय म्हटलं की फोनवर शांतता. आई तर म्हणाली, माश्या बघायला विदर्भात कशाला जायला पाहिजे, मंडईत जा की.

खरं तर हा सगळा माझ्या मैत्रिणीचा उद्योग. ती कॉलेजात बॉटनी शिकवते (पुढे तिला बॉटनीवालीच म्हणते, नाव लिहिलं तर चिडेल) आणि गेली चार-पाच वर्षं तिला माश्यांचं वेड लागलंय. पोळं करणाऱ्या माश्या आपल्याला माहीत असतात, पण जगात माश्यांच्या वीस हजारांवर जाती आहेत, एकट्या भारतात सातशेच्या वर, आणि त्यातल्या बहुतेक एकेकट्या राहतात, मध साठवत नाहीत, पोळं बांधत नाहीत. त्यांना कोण विचारतंय. आणि त्या जास्त करून असतात कुठे, तर दाट हिरव्या सदाहरित जंगलापेक्षा अशा रखरखीत, पानगळीच्या, उन्हाच्या जंगलात, असं तिचं म्हणणं. मला आपलं चिखलदरा बघायचं होतं म्हणून मी हो म्हटलं.

दिवस पहिला: अमरावती, परतवाडा, चिखलदरा

पुण्याहून रात्रीची बस, सकाळी अमरावती, त्यात सांगण्यासारखं काही नाही. उतरल्यावर गिलावडा खाल्ला, दुसराही खाल्ला, आणि ठरवलेली गाडी आली. ड्रायव्हरदादा परतवाड्याचे. पुढचे चार दिवस आमचे गाईड, दुभाषे आणि अन्नदाते तेच.

अचलपूर-परतवाड्याच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. चहाला थांबलो तिथे एक बागवाले काका भेटले. बॉटनीवालीने त्यांना सरळ विचारलं, फुलोऱ्यात फवारता का? काका जरा हसले. म्हणाले, "फवारा लागते ना ताई, सायला येते, मंग झाड बसते." आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, नवी पालवी आणि फुलं एकाच वेळी येतात, सायला ही रस शोषणारी कीड त्या कोवळ्या पालवीवरच बसते, म्हणजे फवारणीची वेळ आणि माश्यांच्या जेवणाची वेळ एकच. डोंगरातल्या आग्या माश्या खाली बागांत उतरतात तेव्हाच पंप चालू असतात. काकांनी स्वतःच सांगितलं, सकाळी फवारलं की दुपारी झाडाखाली माश्या पडलेल्या दिसायच्या, आता ते संध्याकाळी फवारतात. का, तर शेजारच्याचं कांद्याचं बियाणं धरलं नाही म्हणून भांडण झालं होतं! कांद्याच्या बियाण्याला माश्या लागतातच, संत्र्याला तेवढी गरज नाही, त्यामुळे बागवाल्याला फरक पडत नाही आणि कांदेवाला बसतो बोंबलत.

घाट चढताना रस्त्याच्या कडेला एक पोरगा बाटल्या घेऊन उभा होता. जंगलाचा मध. काळसर, पातळ, वर फेस. बॉटनीवाली म्हणाली घेऊ नकोस, पिळलेला आहे. मी घेतला. या बाटलीचं पुढे येईलच.

चिखलदरा साधारण ११०० मीटरवर, खाली चाळीस अंशांत भाजून निघालेलो आम्ही वर आल्यावर माणसात आलो. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकला म्हणून कीचकदरा आणि त्याचं चिखलदरा, ही गोष्ट दिवसभरात आम्हाला चार जणांनी सांगितली. रबडी खा. दोन ठिकाणी खा, म्हणजे कुठली जास्त चांगली यावर भांडता येतं.

टीप: मार्च-एप्रिलमध्ये आलात तरी रात्रीसाठी पातळ शाल आणा. आणि अत्तर, डिओ, वासाचं तेल पुण्यातच ठेवून या, का ते दुसऱ्या दिवसाच्या गोष्टीत येतंय.

दिवस दुसरा: आमझरी आणि भिंतीतली माशी

आमझरी चिखलदऱ्याहून जवळच. खादी ग्रामोद्योग मंडळाच्या 'मधाचं गाव' योजनेतलं गाव. या योजनेतलं पहिलं गाव महाबळेश्वरजवळचं मांघर, ते २०२२ साली झालं. इथे आम्ही बघितल्या त्या पेट्या सातेरी माशीच्या. सातेरी म्हणजे आपली अंधारात, ढोलीत समांतर पोळी बांधणारी, म्हणून पेटीत राहते. आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकच पोळं लावतात, त्या पेटीत राहत नाहीत, कितीही लाड करा.

पेट्या छान आहेत, लोकांना चार पैसे मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण पेटी म्हणजे माश्या वाचवणं असं जे सगळीकडे म्हटलं जातं ना, त्यावर बॉटनीवालीने तिथेच व्याख्यान दिलं. कोंबड्या पाळल्या म्हणून रानातले पक्षी वाचत नाहीत, तसंच हे. मला पटलं. शहाण्या माणसाला पटतंच, पण पेटीसोबत फोटो चांगला येतो ही अडचण आहे.

दुपारी जेवण एका कोरकू आदिवासी घरी. कुटकीचा (हे एक भरडधान्य) भात, तुरीचं पातळ वरण, ठेचा. भात मोकळा, थोडा कडसर, मला फार आवडला. जेवता जेवता माझं लक्ष ओट्याच्या भिंतीकडे गेलं. मातीच्या भिंतीतून करंगळीएवढी, काळपट मेणाची एक नळी बाहेर आलेली. तोंडाशी बारीक बारीक काळ्या माश्या, चिलटांपेक्षा थोड्याच मोठ्या, चार-पाच जणी पहारेकऱ्यासारख्या आतून डोकं काढून बसलेल्या. मी बोट जवळ नेलं तर सगळी डोकी एकदम आत. परत एकेक करून बाहेर. ही डंख नसलेली माशी, काही जण पोयाची माशी म्हणतात. झाडाचा डिंक आणि मेण कालवून ही नळी बांधते.

घरातल्या काकू म्हणाल्या, सासूबाई नव्या नवरी होत्या तेव्हापासून ही इथेच आहे. मागे अंगणात घरकुलाचं सिमेंटचं घर अर्धं बांधून झालेलं. पुढच्या वर्षी हे मातीचं पाडणार. मग ही कुठे जाईल? काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की पुण्याच्या बाईने पक्कं घर नको म्हणून सांगू नये. नाही सांगितलं. पावसाळ्यात ती भिंत कशी गळते ते त्यांनी दाखवलं.

डिओची गोष्ट: संध्याकाळी एका पॉइंटवर कड्याला आग्या मोहोळं लटकलेली, रेलिंगपासून बऱ्यापैकी लांब. एका ग्रुपमधल्या पोरांनी खडे मारायला सुरुवात केली. पहिला खडा लागलाही नाही, तरी पोळ्यावर लाट गेली. खरोखरची लाट, स्टेडियममध्ये लोक उठतात-बसतात तशी, एका टोकापासून दुसरीकडे काळी चकाकी सरकत गेली. गांधीलमाशी आली की तिला हुसकायला त्या असं एकदम पोटं वर करतात. बघायला इतकं सुंदर की पळायचं विसरलो. ड्रायव्हरदादांनी पोरांना जी वऱ्हाडी ऐकवली ती इथे लिहिता येणार नाही. खडेवाले सुटले आणि डंख बसला मला, कानामागे, कारण सकाळी सवयीने डिओ मारला होता. पळताना ओढणी तोंडावर घ्या, पाण्यात उडी मारू नका (त्या वर वाट बघत बसतात), आणि डंख चिमटीत न धरता नखाने खरवडून काढा, लवकर काढा.

दिवस तिसरा: सेमाडोह, कोलकास, सिपना

हा भाग व्याघ्र प्रकल्पाचा. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातला मेळघाट एक. सफारीचं बुकिंग ऑनलाइन करून ठेवा, गेटच्या वेळा आधी विचारा, अंधाराच्या आत मुक्कामाला पोचा. रस्ताभर साग, बहुतेक निष्पर्ण, खाली पानांचा कुरकुरीत खच. मध्येच एखादा करंज कोवळ्या पालवीत आणि फुलांत, त्याच्याखाली उभं राहिलं तर ट्रान्सफॉर्मरसारखी गुणगुण.

होळी नुकतीच झालेली. कोरकूंची होळी म्हणजे आपली दिवाळी, बाहेरगावी कामाला गेलेली माणसं परत येतात आणि पुढे काही दिवस रस्त्यात दोर धरून फगवा मागतात. आम्ही सात ठिकाणी फगवा दिला. दहा-वीसच्या नोटा भरपूर ठेवा, शंभरची दिली की सुट्टे कुणाकडेच नसतात आणि वर गाणंही ऐकावं लागतं (चांगलं असतं).

सिपना नदीच्या काठी एक अर्जुनाचं झाड, दादा त्याला कहू म्हणतात. उंच, गुळगुळीत पांढरट बुंधा. वर आग्याची अकरा पोळी. मान दुखेस्तोवर मोजली. तिथे दादांच्या ओळखीचे एक मध काढणारे काका आले होते, पन्नाशीचे, पायाचे तळवे बघूनच कळत होतं की आयुष्य झाडावर गेलंय. ते म्हणाले, "माह्या बापाच्या टायमाले या झाडावर तीस-तीस बसे. आता मोजून घ्या."

का कमी झाली, यावर काकांची तीन कारणं होती. एक, फवारा. दोन, मार्चातली गारपीट, उघडं पोळं गारेनं तुटून पडतं. आणि तिसरं, म्हणाले, "आमीच."

जुनी पद्धत अशी, अमावस्येच्या आसपास काळोखात वर चढायचं, चूड पेटवून पोळ्यावर आपटायची. ठिणग्या खाली पडतात, माश्या ठिणग्यांच्या मागे जातात, जळतात, आणि मग विळ्याने पूर्ण पोळं कापून टोपलीत. त्या पोळ्यात मध फक्त वरच्या एका कोपऱ्यात असतो, त्याला मधाचा कांदा म्हणतात, बाकी सगळी पिल्लं. सगळं एकत्र पिळायचं. म्हणून तो मध पातळ, आंबणारा. (माझ्या पिशवीतली बाटली आठवली, बोलले नाही.) आणि ठिणग्या खाली कुठे पडतात, तर सागाच्या वाळक्या पानांवर.

काका आता ट्रेनिंग घेतलेले. वर्ध्याला मधमाशी विकासाचं एक केंद्र आहे, तिथल्या लोकांनी विदर्भातल्या आदिवासींना न जाळता मध काढायला शिकवलंय. जाळीचा टोप, जाड कपडे, नुसता धूर, आणि फक्त कांदा कापायचा. पिल्लं तशीच राहतात, माश्या परत येऊन पोळ्यावर बसतात आणि तिथेच पुन्हा मध भरायला लागतात. आग्या माशी हंगाम संपला की स्थलांतर करते, आणि पुढच्या वर्षी फिरून बऱ्याचदा त्याच झाडावर येते. काका म्हणाले, "जाळलं तं येत नाई मंग ते. तिले आठवते." आठवतं की नाही मला माहीत नाही, पण जळून मेलेली परत येत नाही एवढं नक्की.

मग एकच पोळं तिथे उतरवायचं म्हटलं तर काकांनी साफ नकार दिला, कोअरमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या आतल्या राखीव भागात, परवानगी नाही आणि मध पिकायचाय अजून. पर्यटकांसाठी दाखवून द्या म्हणणाऱ्यांना असंच सांगावं.

मुक्कामाजवळ संध्याकाळी जे बघितलं त्यासाठी ही सगळी ट्रिप वसूल. ऊन उतरलेलं, बॉटनीवाली एका वाळक्या गवताच्या काडीसमोर उकिडवी बसली आणि मला हात करून बोलावलं. काडीवर सात माश्या ओळीने. पोटावर निळे-काळे पट्टे, निळा असा की शाईचा नाही, मोरपिसाचाही नाही, टिकलीसारखा चमकणारा. आणि त्या काडीला पायांनी नाही, जबड्याने धरून लटकलेल्या. पाय पोटाशी घेतलेले, अंग आडवं हवेत. झोपलेल्या! हे सगळे नर. माद्यांना बिळं असतात, यांना घर नाही, मग रोज संध्याकाळी ठरलेल्या काडीवर येऊन असे दात रोवून झोपतात. एक उशिरा आला, जागा नव्हती, दोघांच्या मध्ये ढुशी देत घुसला, शेजारच्याने अर्धवट झोपेत पाय झाडला, लोकलमध्ये होतं तस्संच. आम्ही अंधार होईपर्यंत तिथे होतो, डासांनी फोडून काढलं.

या निळ्या पट्टेवाल्या माश्या अंग थरथरवून फुलातला पराग झटकतात. वांग्याच्या, टोमॅटोच्या फुलाला तसाच झटका लागतो, पोळ्यातल्या मधमाशीला ते जमतच नाही, भुंग्याला जमतं. म्हणजे भरली वांगी खाताना आभार मानायचे तर ते यांचे.

दिवस चौथा: मोहाखाली

पहाटे साडेचारला उठून एका गावात गेलो, बफरच्या (कोअरभोवतीच्या पट्ट्याच्या) कडेला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे आहे त्यावरून कुणी त्यांनाच धरायचे.

मोहाची फुलं रात्री गळतात, उजाडताना वेचायची, ऊन चढायच्या आत. वास असा गोड आणि दाट की उपाशीपोटी जरा गरगरतं. एक आजी, त्यांची नात, टोपल्या. झाडाखालची जमीन काळी, स्वच्छ, त्यावर पिवळसर फुलं मोत्यांसारखी दिसत होती. काळी का, तर जाळलेली. पानांच्या खचात फूल सापडत नाही म्हणून झाडाखाली आग लावतात, आणि ती नेहमीच झाडाखाली थांबते असं नाही. तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणूनही आगी लावतात. वनखात्याचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून, जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढतात, फायर वॉचर ठेवतात, तरी दर वर्षी डोंगर पेटतात.

माश्यांच्या जातींपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास जमिनीत बिळं करणाऱ्या. खोल बीळ असेल तर आतली पिल्लं आगीतून वाचतातही. पण वाळक्या काड्यांत, पोकळ फांद्यांत, पडलेल्या लाकडात घर करणाऱ्या वाचत नाहीत, झुडपात खाली पोळं लावणारी फुलोरी वाचत नाही. आणि बिळातून जी वाचून बाहेर येईल तिला खायला? जळल्या जागी झुडपं जातात आणि त्यांच्या जागी रायमुनिया, म्हणजे आपली घाणेरी, माजते. तिची फुलं फुलपाखरांना ठीक, पण इथल्या शंभर तऱ्हेच्या माश्यांना शंभर तऱ्हेची फुलं लागतात. भरीला पोकळ जुनी झाडं सरपणाला जातात, मग ढोलीत राहणारी सातेरी बेघर आणि रानपिंगळाही. हा रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, शंभरहून जास्त वर्षं कुणाला दिसला नव्हता, १९९७ साली शहाद्याजवळ परत सापडला, मेळघाटातही आहे. त्याच्यासाठी लोक लाखाच्या लेन्स घेऊन येतात. ढोली मात्र एकच, भाडेकरू दोन.

तर बॉटनीवालीने आजींना विचारलं, न जाळता नाही का होत? आजींना मराठी थोडंच येतं, नातीने कोरकूत विचारलं. आजींचं उत्तर लांबलचक होतं, नातीने एका वाक्यात दिलं: "आजी म्हणते, झाडायला माणूस लागतो, तू झाडतेस का?"

मग काय, झाडलं. शेजारच्या न जाळलेल्या मोहाखाली आम्ही दोघी, नात आणि ड्रायव्हरदादा, काट्यांचे झाडू घेऊन. एका झाडाला सव्वा तास लागला. माझ्या दोन्ही तळव्यांना फोड. आजींची अशी नऊ झाडं आहेत. घरात कमावणारा मुलगा होळी करून परत वीटभट्टीवर गेलेला. काही ठिकाणी झाडाखाली जाळ्या लावून फुलं झेलतात, पानं जाळायची गरजच राहत नाही, पण आजींकडे जाळी नाही, जुन्या साड्या आहेत आणि त्या नेसायच्या आहेत.

झाडताना पानांखालच्या मऊ मातीत पेन्सिलच्या टोकाएवढी भोकं दिसली, प्रत्येकाभोवती बारीक मातीचा कडा. नात म्हणाली मुंग्या. आम्ही थांबलो. ऊन पडल्यावर एका भोकातून डोकं आलं, निळे पट्टे. रात्रीच्या त्या नरांच्या घरची मंडळी! ती बाहेर आली, भोकासमोर डावी-उजवी झुलत, जागा पाठ करत मागे मागे गेली आणि उडाली. नातीने कोरकूत काहीतरी ओरडून आजींना बोलावलं. आजी आल्या, कमरेवर हात ठेवून बघितलं, काही बोलल्या नाहीत. मग दहा पावलांवरच्या जळक्या तुकड्यावर तशीच एक माशी राखेवर खालीवर करत होती, बसायची, पायाने राख उकरायची, उठायची, दोन वीत सरकून परत उकरायची. तिचं बीळ तिथे होतं की नवीन जागा बघत होती, कळायला मार्ग नाही. आम्ही निघालो तेव्हाही ती उकरतच होती.

आजींनी झाडलेल्या झाडाची टोपलीभर फुलं बाजूला काढली आणि त्यातली ओंजळभर आम्हाला दिली, मजुरी म्हणून. वाळवून भाजून खा म्हणाल्या.

टीप: अशा गावात जाताना कुणाला तरी ओळखीचं सोबत घ्या, वेचणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मध घ्यायचाच तर काढणाऱ्याकडून घ्या, आणि एकच विचारा, पिळलेला की गाळलेला. काडीपेटीवर लावून, पाण्यात टाकून मध खरा-खोटा कळत नाही, ते विसरा. आम्ही काकांच्या गटाकडून गाळलेला एक किलो घेतला, सहाशे रुपये, माझ्या मते स्वस्त.

परतीची बस रात्रीची. पहाटे नगरच्या पुढे कुठेतरी टप्प असा आवाज आला, मागचा माणूस दचकून उठला. घाटातल्या पोराकडची बाटली. आंबून फुगली होती, झाकण उडालं, मध माझ्या बॅगेत, मोहाच्या फुलांवर, चार्जरवर आणि मागच्या माणसाच्या चपलेत. बॉटनीवाली काही बोलली नाही, तिने फक्त खिडकीकडे तोंड केलं, पण खांदे हलत होते.